एका रस्त्याचे दोन अण्णा

सोलापुरातल्या एका शाळेच्या जुन्या बॅचनं स्नेहमेळाव्यासाठी आपल्या लहानपणच्या रस्त्याचा नकाशा काढायला घेतला आणि एका किराणा दुकानदारावरून त्यांच्यात जुंपली. प्रकरण म्हणाल तर एवढंच. मात्र त्या भांडणात गावातली दुकानं आणि माणसं कुणाच्या लक्षात राहतात, कशामुळं राहतात आणि कुणाच्या लक्षात राहतच नाहीत, याचा बराच उलगडा झाला, म्हणून ते तपशिलानं मांडतो आहे. मी त्याच बॅचचा, टिपणं काढायचं काम माझ्याकडं होतं. माणसांची खरी नावं इथं मुद्दाम टाकलेली नाहीत. तशीही ती आम्हाला कुठं ठाऊक होती? अण्णा, मावशी, चाचा, मास्तर यावरच आमचं सगळं भागायचं.

रस्ता आणि त्याचं घड्याळ

भैया चौकाकडून रेल्वेचा पूल ओलांडून मरिआई चौकाकडं जाणारा पट्टा आणि त्याला फुटणाऱ्या चाळींच्या गल्ल्या, एवढाच भाग आम्ही घेतला होता. काळ साधारण १९७० ते १९८५. या रस्त्याचं नाव बाहेरगावच्या माणसाला ठाऊक असलं तर ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळं. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. भैया चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. नकाशावर ती खूण पहिल्या बैठकीतच पडली, वाद नाही, चर्चा नाही. ज्याचं स्मारक होतं त्याच्यासाठी कुणाला डोकं खाजवावं लागत नाही.

बाकीचा रस्ता मिलचा. पुलाच्या अलीकडं नरसिंग गिरजी, पलीकडं लक्ष्मी-विष्णू. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी पहिली मोठी कापड गिरणी काढली. सोलापूरकर तिला आजही 'जुनी मिल' म्हणतात, आणि मुरारजी पेठ हे नावही त्यांच्यावरूनच. पुढं एकामागून एक मिल उभ्या राहिल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चहाच्या हॉटेलची भट्टी पेटलेली असायची. दुसरी पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची. रातपाळीवाले सकाळी घरी येऊन झोपायचे, तेव्हा चाळीतल्या पोरांनी आवाज केला तर कुणाचीही आई कुणाच्याही पोराला धपाटा घालायची. एरवी ज्या धपाट्यांसाठी आम्ही रडायचो ते ज्वारीच्या पिठाचे असायचे.

आता ते भोंगे नाहीत. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद पडली, नरसिंग गिरजी त्यानंतर काही वर्षांनी. आमच्या बॅचमधले निम्मे पुण्यात, थोडे हैदराबादेत, काही मुंबईत. गावात उरलेले मोजकेच.

पहिली यादी

मोबाइलवरच्या ग्रुपवर सवाल टाकला होता अगदी साधा: आपल्या रस्त्यावर कोणकोणती दुकानं होती, आठवेल ते लिहा.

उत्तरांचा पाऊस पडला आणि त्यातलं बहुतेक सगळं खाण्याचं होतं. उप्पीट-शिऱ्याचं हॉटेल, तिथली चुरमुऱ्यांची सुशीला, गोटीच्या बाटलीतला सोडा, रातपाळीच्या वेळी निघणारी मिरचीची भजी. मग भाड्यानं सायकल देणारे चाचा. त्यांच्याकडं लहान पोरांसाठी अर्ध्या उंचीच्या सायकली असायच्या आणि वेळ संपला की ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून आरोळी ठोकायचे, "ए, आता आण बे ती!" कटिंगवाले मास्तर. नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या मागावरचे फाटलेले पुठ्ठे आणून त्यावर पोरांना चित्रं काढायला देणारा एक रंगारी. पिठाची गिरणी. रेडिओ दुरुस्त करणारा, जो दुरुस्तीपेक्षा क्रिकेटची कॉमेंटरी ऐकवण्यासाठीच जास्त प्रसिद्ध होता. भाकरी कडक करून विकणारी एक म्हातारी.

यादी छान दिसत होती, पण बिनकामाची होती. एक तर त्यात निम्म्या गोष्टी दुसऱ्याच भागातल्या घुसल्या होत्या. पार्कवरची भेळ, चाटी गल्लीतली कापडखरेदी, मधल्या मारुतीजवळचा बाजार, गड्ड्यावर पत्र्याच्या विमानात बसून काढलेला फोटो, सगळं एकाच रस्त्यावर आलं होतं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर जाणं ही आमच्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट, त्यामुळं तिथलं काहीही 'आपलंच' वाटणं साहजिक होतं. दुसरं म्हणजे काळाचा ताळमेळ नव्हता. कुणी १९७० चं हॉटेल सांगायचं, कुणी १९८५ चं, आणि दोघं एकाच जागेवरून भांडायचे.

काळाचा गुंता सोडवायला वर्षं विचारून उपयोग होत नव्हता, म्हणून घटना विचारल्या. १९७२ च्या दुष्काळात, रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळत होता तेव्हा, हे दुकान होतं का? १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला भर दिवसा अंधारून आलं, लोक दारंखिडक्या लावून बसले होते, तेव्हा शटर ओढलं ते कुणाचं? इंदिराबाईंची अंत्ययात्रा १९८४ मध्ये कुणाच्या घरच्या टीव्हीवर पाहिली आणि तेव्हा खाली कोणतं दुकान होतं? या सवालांवर माणसं थांबून, आठवून बोलू लागली. शिंप्याचं दुकान कधी बसलं याचा निकाल तर बोनसवर लागला. आणीबाणीत, १९७५ मध्ये, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ मध्ये तो पुन्हा पूर्वीसारखा झाला. आमच्यातल्या एकाला पक्कं आठवत होतं की सलग दोन दिवाळ्या त्याला आणि भावाला नवे कपडे शिवले गेले नाहीत आणि तिसऱ्या दिवाळीला कापड घेऊन गेले तर त्या जागी पानपट्टी होती. शिंपी गेला तो त्याच दोन वर्षांत.

जुंपली ती अण्णांवरून

दुकान किराण्याचं. अण्णा लिंगायत, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, पूर्व भागातून माल घेऊन येणाऱ्यांशी मोडकीतोडकी तेलुगू. सोलापुरात यात नवल काहीच नाही, एका चौकात चार भाषा ऐकू येतात. पांढरी टोपी, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत.

पुढं एकानं लिहिलं: अण्णांसारखा देवमाणूस झाला नाही. दुष्काळात त्यांनी चाळीला जगवलं. पोरगं सामान न्यायला आलं की मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा दिल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

खाली लगेच दुसऱ्यानं लिहिलं: कोण देवमाणूस? माझ्या हातातली पिशवी चार लोकांत रिकामी परत पाठवली त्यानं. "बापाला घेऊन ये" म्हणाला. तेव्हा मी चौथीत होतो.

मग एकेक जण उतरला. कुणी म्हणे तू दुसऱ्याच दुकानाचं सांगतोस. कुणी म्हणे तुझ्या बापानंच थकवलं असेल. हे वाक्य पडलं आणि पिशवीवाला ग्रुप सोडून गेला. साठी गाठलेली माणसं. चौथीतल्या पिशवीवरून.

काही जणांनी मध्यम मार्ग काढला: माणूस म्हटलं की बरंवाईट असतंच, नकाशावर फक्त 'किराणा दुकान' लिहू आणि पुढं जाऊ. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दोन माणसं एकाच दुकानदाराबद्दल इतकं उलट सांगतात आणि दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नाहीत, म्हणजे मध्ये काहीतरी आहे जे आपण विचारलेलंच नाही.

ताईंचा सवाल

ते विचारलं आमच्या एका वर्गमित्राच्या थोरल्या बहिणीनं. त्या आमच्या शाळेतल्या नव्हेत. सातवीनंतर शाळा सोडून विड्या वळायला बसल्या होत्या. भावाच्या घरी बैठक होती, त्या चहा घेऊन आल्या, आमचं भांडण थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "दुकानं कशाला आठवायलाय? कुणाचं खातं कुठं होतं ते आठवा की."

त्यानंतर नकाशा भराभर भरला. उधारीचं प्रत्येक दुकान वेगळ्या मुदतीवर चालायचं. किराण्याचं खातं पगारापासून पगारापर्यंत. शिंप्याचं बोनसपासून बोनसपर्यंत. दूधवाल्याचा हिशेब दारामागं कोळशाच्या रेघोट्यांनी. हॉटेलात मिल कामगारांची वेगळी वही, ज्यात चहा आणि भजी पाळीप्रमाणं मांडलेली. सायकलवाले चाचा मात्र रोखीचेच, कारण पोरांना कोण उधार देणार? उधारीची जागा माणूस विसरत नाही. रोख घेतलेली भजी कुठली ते चुकेल, पण जिथं बापाबरोबर पगाराच्या संध्याकाळी जाऊन खातं मिटवलं ती पायरी उजवीकडं की डावीकडं हे चुकत नाही.

पगाराच्या दिवसाबद्दल जवळपास प्रत्येकानं सांगितलं. मिलच्या गेटबाहेर त्या दिवशी वेगळीच माणसं दिसायची. व्याजानं पैसे देणारा पठाण काठी घेऊन एका बाजूला, भिशीवाला दुसऱ्या बाजूला, थोडं लांब काही बायका, नवरा पगार घेऊन थेट घरी येतो की गुत्त्याकडं वळतो हे बघायला आलेल्या. एका वर्गमैत्रिणीची आई तिला कडेवर घेऊन अशीच उभी राहायची. अण्णांचा मुलगा त्या संध्याकाळी दुकानाबाहेर बाकडं टाकायचा. खातं मिटवणाऱ्या घराला वर पेढा किंवा बत्तासा मिळायचा. 'मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा' कुठून आला हे तिथं उलगडायला लागलं.

ताईंच्या सवालानं आणखी एक गोष्ट केली. पहिल्या यादीत नावालाही नसलेले दोन धंदे वर आले.

एक खानावळ. खेड्यातून एकटे आलेले मिल कामगार चाळीत एका खोलीत सहा-सात जण राहायचे, पाळीनं झोपायचे. त्यांना जेवण घालणाऱ्या मावशी एका खोलीतूनच खानावळ चालवत. पाटी नाही, बाकडी नाहीत, रस्त्यावरून काही दिसायचं नाही. ज्वारीच्या भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, आठवड्यातून एकदा मटण. पगार झाला की सगळे पैसे आणून द्यायचे, बदलीवाल्यांचे, म्हणजे कायम नसलेल्या कामगारांचे, राहायचे. आमच्यातले जे कुटुंबात वाढले त्यांना ही खानावळ माहीतच नव्हती, 'अशी काही नव्हती' असं दोघांनी ठामपणे सांगितलं. ज्याचा काका तिथं जेवायचा त्यानं दार कुठलं तेही दाखवलं.

दुसरा विडीचा. पानं आणि तंबाखू देऊन विड्या परत घेणारी एक शाखा गल्लीच्या आत होती. पोरांना ती आठवत नव्हती, बायकांना सगळ्यांना आठवत होती. विडीचा मोठा कारभार पूर्व भागात, तेलुगू पद्मशाली वस्तीत. तिथं पुरुष मागावर आणि बाई विडीवर हे घरोघरचं. पण मिलच्या चाळींतही विड्या वळल्या जात. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कातरीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, सुतानं बांधायची, पंचवीसचे कट्टे करायचे. मजुरी हजारावर. तपासणारा कट्टा उलगडून बघायचा आणि मनात आलं तर बाजूला टाकायचा, ती 'छाट'. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. ताई म्हणाल्या, "तुमच्या अण्णाचं काय घेऊन बसलाय. आमच्या रागाचा माणूस तो छाट करणारा होता." विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, त्यात अशा छाटीवर मर्यादाही होती. गल्लीच्या आतल्या त्या खोलीत तो कधी पोचला, हे ताईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

या सवालालाही एक आंधळी बाजू होती. सेटलमेंटमधून आमच्या शाळेत येणारा एक वर्गमित्र शांतपणे म्हणाला, "आमचं खातं कुठंच नव्हतं." इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तीच ही सेटलमेंट. मिलच्या कामालाही तिथली माणसं जात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यानं पुसला गेला. तरी सत्तरच्या दशकात सेटलमेंटचा पत्ता सांगितला की दुकानदार आधी नाणी मोजून घ्यायचा. हा मित्र वर्गात पहिल्या पाचात असायचा. त्याच्या आठवणीतला रस्ता उधारीचा नव्हता, सगळा रोखीचा होता. नकाशावर त्याच्यासाठी काय खूण करायची, हे आम्हाला शेवटपर्यंत सुचलं नाही.

अण्णांची वही

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलानं किराणा बंद करून त्याच जागेत दुसरा धंदा टाकला आहे. आमचं ऐकून त्यानं माळ्यावरच्या पेटीतून लाल कापडाच्या बांधणीच्या जुन्या वह्या काढल्या. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आतलं वाचता येत होतं. आकडे आणि बऱ्याचशा नोंदी कानडीत, नावं मराठीत.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर घरच्या माणसाचं नाव आणि त्यापुढं मिलमधला तिकीट नंबर. नंबर असलेली पानं भरगच्च: ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल, चहापत्ती, गूळ, सण आला की खोबरं आणि खसखस, महिनाअखेरीला एक आडवी रेघ आणि जमा. काही पानांवर नंबराच्या जागी फक्त 'बदली' लिहिलेलं. ही पानं वेगळी दिसायची. एका वेळी दोन-तीन वस्तू, मग जमा, पुन्हा दोन-तीन वस्तू. ठराविक रकमेच्या वर नोंद गेलेली नाही. गेली असेल तिथं पुढं बरेच दिवस पान कोरं.

बदली कामगार म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम, नाही तर घरी. त्याचा पगार ठरलेला नाही, म्हणून त्याचं खातं ठरलेलं नाही. शेंगा आणि गूळ आठवणाऱ्या मित्राचे वडील कायम होते, साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम. पिशवी परत आलेल्याचे वडील बरीच वर्षं बदलीवर होते. दोन्ही पानं त्या वहीत होती. ज्याच्या घरचं पान ज्या रकान्यात, त्याला तसे अण्णा भेटले होते.

हा नियम अण्णांनी मनानं काढलेला नव्हता, असं त्यांचा मुलगा सांगतो. आजोबांचं दुकान जुन्या मिलच्या अंगाला होतं. १९४९ मध्ये ती मिल बंद पडली तेव्हा आजोबांची उधारी गावभर अडकली. पुढं १९५० मध्ये केंद्र सरकारनं आधी अध्यादेश आणि मग कायदा करून त्या मिलचा कारभार हातात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि शोलापूर स्पिनिंगचे ते खटले वकिलीची पोरं आजही अभ्यासतात. कोर्टात सवाल भागधारकाच्या मालमत्तेचा होता. किराणावाल्याच्या वहीतल्या येण्याचा खटला कुठं चालत नाही. आजोबा त्या धक्क्यातून सावरले नाहीत आणि मुलाला सांगून गेले की एका पगाराच्या वर उधार देऊ नकोस, पगार नसलेल्याला तर मोजूनच. अण्णांची पेन्सिल त्या हिशेबानं चालायची.

यात एक गोष्ट मला राहून राहून खटकते. वहीतली शेवटची पानं मिल बंद पडण्याच्या काळातली आहेत आणि बुडालेल्या मोठ्या रकमा जवळपास सगळ्या तिकीट नंबरवाल्यांच्या आहेत. कायम माणसाचं खातं मोठं, म्हणून बुडालं तेही मोठं. बदलीवाल्यांच्या पानांवर येणं नगण्य. अण्णांनी ज्यांना मोजून दिलं त्यांनी त्यांना बुडवलं नाही. नियम आजोबांच्या अनुभवातून आला होता, चुकीच्या माणसाला लावला गेला.

पेच

मेळाव्याला आठवडा उरला असताना सवाल आला: वही मांडायची का?

मुलगा तयार होता. आमच्यातले इतिहासाचे हौशी तर उतावीळ. असा कागद गावात कुठं मिळणार, मिलच्या सोलापूरचा घरगुती हिशेब यात आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. विरोध केला तो दोन वर्गमैत्रिणींनी. एकीच्या वडिलांच्या पानावर येणं शिल्लक होतं. ती म्हणाली, "माझे वडील मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करत गेले. त्यांचं नाव मी बुडव्यांच्या यादीत नातवंडांना दाखवू?" नावं झाकून मांडू, असं कुणी सुचवलं. तिकीट नंबर राहतोच, चाळीतली माणसं नंबरानं ओळखतात. नंबरही झाकू. मग उरतं काय, नुसती ज्वारी आणि तेल?

मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली. वही काढल्याचं कानावर आल्यावर एक जण त्याच्याकडं आला होता. वडिलांचं येणं किती ते सांगा, मी व्याजासकट देतो म्हणाला. मुलानं पैसे घेतले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाला, "याचे घेतले तर बाकीच्यांकडं आहेत असं ठरतं बघा."

त्यावर चर्चा संपली. वही मांडली नाही. तिच्याऐवजी अण्णांच्या पानासारखं एक कोरं पान आखून लावलं, वर नावाची जागा रिकामी, शेजारी एका बाजूला 'तिकीट नंबर', दुसऱ्या बाजूला 'बदली'. किराणा दुकानाच्या खुणेखाली दोन्ही मित्रांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, शेजारी शेजारी. पिशवीवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला लिहा, पण माझं नाव नको, आणि मेळाव्याला आला नाही.

मेळाव्यात

नकाशा भिंतीवर होता आणि खाली दोरीला बांधलेल्या पेन्सिली. लोकांनी भरपूर खाडाखोड केली, ती हवीच होती. खानावळीचं दार एका माणसानं दोन खोल्या पुढं सरकवलं. विडीच्या शाखेच्या खुणेखाली बायकांनी छाट करणाऱ्याबद्दल जे लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही. कोरं खातं कुणी नुसतं बघून पुढं जात होतं, तर दोघा-तिघांनी त्यावर आपापल्या घरातल्या महिन्याच्या वस्तू लिहिल्या. नावं कुणी लिहिली नाहीत. सेटलमेंटमधला मित्र आला होता. त्यानं नकाशाच्या बाहेर, कागदाच्या अगदी कडेला, आपल्या घराची जागा दाखवली आणि तिथून शाळेपर्यंत एक रेघ ओढली. त्या रेघेवर त्यानं एकाच दुकानाची खूण केली: सायकलवाले चाचा. त्यांच्याकडं सगळ्यांनाच रोख द्यावे लागायचे, असं तो म्हणाला.

असं काम दुसऱ्या कुठल्या पेठेत, साखर पेठेत म्हणा की पूर्व भागात, कुणी हाती घेणार असेल तर माझं सांगणं एवढंच की पहिल्या दिवशी दुकानांची यादी मागू नका, त्यात खाण्याच्या गोष्टी येतात आणि सगळे खुश होतात. खातं कुठं होतं ते विचारा, मग ज्याचं नव्हतं त्यालाही विचारा. घरातल्या थोरल्या बहिणींना बोलवा. वही हाती लागली तर ती वाचण्याआधी घरच्यांशी बसा, कारण एकदा वाचलं की न वाचल्यासारखं करता येत नाही. हे आम्हाला उलट्या क्रमानं जमलं. पूर्व भागात तर वेगळंच गणित निघेल असं मला वाटतं, तिथं मागवाला आणि त्याचा सूत देणारा यांचं खातं, त्यात किराणावाला तिसरा.

वह्या सध्या अण्णांच्या मुलाकडंच आहेत. कॉलेजात शिकवणाऱ्या एकानं त्या संग्रहासाठी मागितल्या आहेत. नावांचं काय करायचं ते ठरेपर्यंत देणार नाही, असं मुलानं कळवलं आहे, आणि त्या मैत्रिणीशी बोलल्याशिवाय ठरवणार नाही, असंही.